आठ खिट्ट्यांचं दार

नळ तुटल्याचा आवाज हॉलमध्ये कुणालाच आला नाही, कारण बूचरावांच्या बाथरूमला जहाजाचं दार होतं. अस्सल पोलादी, आठ खिट्ट्यांचं, मधोमध गोल काच, खाली गुडघाभर उंबरठा. माशांना घर व्हावं म्हणून सरकारने जुनं लढाऊ जहाज भर समुद्रात नेऊन बुडवलं, त्याच्या जरा आधी बूचरावांनी हातापाया पडून हे दार सोडवून आणलं होतं. जहाजावर गळती बुजवणं हे त्यांचं काम. बूच हे नाव तिथलंच. राव पुढे वयाने लागलं.

जहाज बुडवल्याला वर्ष झालं म्हणून जुने सोबती चहाला जमले होते.

"काय रडायचं ते आजच रडून घ्या," बायकोने सकाळीच सांगितलं होतं. "संध्याकाळी भंगारवाला येतोय. ते दार जाणार म्हणजे जाणार. माझ्या बहिणीला त्यातून बाहेर काढायला अख्खी चाळ लागली." आणि तिने हॉलमध्ये नवाकोरा गालिचा अंथरला होता.

बूचराव कपातला चहा नुसता ढवळत होते.

"आयुष्यभर मी तिथे मासे तळले," जहाजाचा आचारी म्हणाला, "आता मासेच तिथे राहायला गेले. फिटंफाट."

"साहेबांसमोर असलं बोलू नकोस," कडकट्ट म्हणाला. हा सिग्नलवाला. ठोक्यांच्या भाषेत निरोप धाडण्यात याची हयात गेली. "जहाज बुडवायला नेलं तेव्हा कप्तानसाहेबांना किनाऱ्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलेलं. हातात सरबत. साहेब म्हणाले, कप्तानाने जहाजाबरोबर जायचं असतं. तर तो पोरगेला अधिकारी म्हणतो, काका, ऊन लागेल, टोपी घाला."

"पण साहेब आहेत कुठे?" आचाऱ्याने विचारलं.

"बाथरूममध्ये."

बूचरावांनी सहज काचेला डोळा लावला. आत एक मग तरंगत चालला होता. मागोमाग साबणाची डबी. कप्तानांनी नळ जहाजावरच्या सवयीने, दोन्ही हातांनी पिळला होता. मोरी तर आठवडाभर तुंबलेलीच होती, कारण पाण्याच्या माणसाने प्लंबर बोलावणं बूचरावांना शोभत नव्हतं.

"पाणी भरतंय!"

तिघांत मिळून धड गुडघे दोनच. तरी तिघेही उडी मारून उठले. खोलीत पाणी शिरलं की दार बंद करायचं आणि जहाज वाचवायचं, हे त्यांच्या हाडीमाशी होतं. हातोडी दाराशेजारी टांगलेलीच होती. बघता बघता आठही खिट्ट्या ठोकून घट्ट झाल्या.

बूचरावांनी कडेने बोट फिरवलं. बोट कोरडं.

"बघ! थेंब नाही! आणि तू याला भंगार म्हणतेस."

"आत कोण आहे?" बायकोने विचारलं.

आचाऱ्याने हातोडी हळूच पाठीमागे नेली.

"अहो, उघडा की मग!"

"असं कसं उघडणार, वहिनी?" आचारी म्हणाला. "भरलेल्या खोलीचं दार कप्तानाच्या हुकमाशिवाय उघडत नाहीत."

"मग घ्या हुकूम."

"कप्तान आत आहेत."

कडकट्टने चहाचा चमचा उचलला आणि दारावर प्रश्न वाजवला. आतून उत्तराचे ठोके आले. सावकाश, ठाम.

"काय म्हणतात?"

"उघडू नका म्हणतात. जहाज वाचवा." पुन्हा ठोके. "पाणी कमरेला लागलंय म्हणतात. आणि..." कडकट्टने चष्मा पुसला. "म्हणतात, या वेळी खुर्ची नको."

बूचरावांनी पुन्हा आत पाहिलं. कप्तान पाण्यात ताठ उभे होते. गळ्यापर्यंत बटणं लावलेली, खांद्यावर टॉवेल, हात सलामीसाठी कपाळाला. इतके खुशीत ते वर्षभरात दिसले नव्हते. बूचरावांचा हात खिट्टीवर होता. तो काही केल्या वळेना.

"सरका," बायको म्हणाली. "ही माझी बाथरूम आहे. इथली कप्तान मी." तिने हातोडी हिसकावून घेतली आणि आचाऱ्याला गच्चीवर टाकीचा कॉक बंद करायला पिटाळलं.

आठवी खिट्टी सुटली आणि बाथरूम हॉलमध्ये आली. चपला दाराकडे निघाल्या, बशा त्यांच्या मागे. लाटेबरोबर कप्तानही उंबरठा ओलांडून आले आणि गालिच्याच्या मधोमध बसते झाले. हात अजून कपाळालाच.

"कुणाच्या हुकमाने?" त्यांनी विचारलं.

"माझ्या."

कप्तानांनी जरा विचार केला. मग हात न काढता तोंड तेवढं तिच्याकडे वळवलं.

भंगारवाला दारात येऊन उभा होता. त्याचे पाय भिजले होते. "ताई, लोखंडाचं दार म्हणालात ते..."

बायकोने हॉलवर नजर फिरवली. कडकट्ट पँट पिळत होता. बूचराव दाराच्या रबरावरून अजून बोट फिरवत होते. "थेंबसुद्धा आला नव्हता," ते म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे.

"दार राहू दे," ती म्हणाली. "या घरात सांगितलेलं काम करणारं तेवढं एकच आहे. हा गालिचा घेऊन जा."

बूचरावांनी खाली बघत नाक ओढलं.

भंगारवाल्याने गालिच्याचं एक टोक धरून ओढलं. गालिचा हलेना. त्याने दोन्ही हात लावले.

"काका, उठता का जरा?"

"ओढ," कप्तान समोर बघत म्हणाले. "कप्तान जहाजाबरोबरच जातो." उठायचं नाव नाही.