मानाच्या सात गाड्या

जेवणं उरकेपर्यंत वऱ्हाडाच्या सातही गाड्या चार्ज करून द्यायच्या, हा आता मुलीकडच्यांनी राखायचा मान होता. वधूपिता तुळशीरामने सगळ्या एकदम लावल्या आणि गावची डीपी उडून सगळीकडची वीज गेली. शेजारच्या कोंडाबाईचं ऑक्सिजनचं यंत्र बंद पडलं.

“व्याही, वरात काय ढकलत न्यायची?” नवरदेवाचे मामा गुरकावले.

तुळशीराम वायरमनला फोन लावू लागला. मुंडावळ्या बांधलेली वैजयंता मात्र धावत गेली आणि तिने कोंडाबाईचं यंत्र मामांच्याच गाडीला जोडलं. यंत्र पुन्हा घरघरू लागलं. गाडीची जुनी बॅटरी भराभर उतरू लागली. एकवीस टक्के. वीस. एकोणीस.

वायरमन यायला अजून दोन तास होते.

मामा त्या आकड्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “पोरी, ही संपली की नवरदेवाची लाव.”