नकाशातली खाडी

कुल्फीच्या काड्यांवर पॉलिशपेपर चिकटवून गोगटेकाकांनी घरीच कानशी बनवल्या आणि अंध मुलींच्या शाळेसाठी कापलेला लाकडी नकाशा महिनाभर घासला. जुन्या नकाशाची कुसळं मुलींच्या बोटांत घुसायची, ते त्यांना बघवत नव्हतं.

नवा नकाशा आधी चौथीतल्या शमीमच्या हाती आला. तिचं बोट कोकणच्या किनाऱ्यावरून सरसर खाली गेलं, परत वर आलं, पुन्हा खाली गेलं.

"गुळगुळीत झालाय ना?" काकांनी विचारलं.

"हो. पण यात आमचं जैतापूर नाही."

"असं कसं? नीट बघ."

"जुन्यात खाडी होती. तिथं बोटाला टोचलं की घर आलं."

काकांनी किनाऱ्यावरून स्वतःचं बोट फिरवलं. बारीक करवतीनं जपून कापलेल्या खाड्या त्यांनी स्वतःच घासून घालवल्या होत्या. पिशवीतून त्यांनी पॉलिशपेपर गुंडाळलेली विणकामाची सुई काढली. "कुठं होती, दाखव."

शमीमनं त्यांचं बोट धरून किनाऱ्यावर ठेवलं. ते घासू लागले. थोड्या थोड्या वेळानं ती चाचपायची आणि म्हणायची, "अजून."

जेवणाची घंटा झाली. बाकीच्या मुली उठून गेल्या. शमीम उठली नाही. तिचं बोट खाडीत होतं.