चार तासांचा मोठेपणा

“आय आउटरँक यू,” म्हणत खांबेटेने आजही पहिला चहा उचलला.

आम्ही दोघं या कचेरीत एकाच दिवशी कारकून म्हणून रुजू झालो. तो सकाळी दहाला. माझी एसटी घाटात बंद पडली म्हणून मी दुपारी दोनला. तेवढ्या चार तासांच्या जोरावर तो ज्येष्ठता यादीत माझ्या वर जाऊन बसला, तो सव्वीस वर्षं खाली उतरलाच नाही. पंख्याखालची खुर्ची त्याची. नवा माणूस आला की त्या इंग्रजी क्रियापदाचा अर्थही माझ्याकडे बोट दाखवूनच समजावणार, “म्हणजे, मी याच्या वरचा!”

चहा संपायच्या आत नोटीस आली. जमिनीची एक फाईल गहाळ झाली होती आणि चौकशी शाखेतल्या सर्वांत ज्येष्ठ कारकुनाची होणार होती.

खांबेटेने मला दंडाला धरून साहेबांपुढे उभं केलं. “साहेब, रुजू झालो त्या दिवशी मी तीन वाजता आलो होतो. सकाळची नोंद चुकून झाली. ज्येष्ठ हेच!”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “खरं का हो?”

“मी काय बोलणार, साहेब? खांबेटे मला आउटरँक करतात.”