मटका कुल्फी

कारध्याच्या पुलाजवळच्या हॉटेलात टेबलावर मेणबत्ती होती. घरच्यांनी अंकुर आणि रेणूला एकमेकांशी बोलायला पाठवलं होतं. अंकुरने पनीर मागवलं. रेणूने हात लावला नाही. "मायनं नवस केला. लगन जुळत नाही तवरी माह्यं दूध, दही, तूप बंद." मग बटर न लावलेली रोटी आणि वांग्याची भाजी आली. जेवताना तो आपल्या तुमसरच्या राइसमिलबद्दल बोलत राहिला, ती ऐकत राहिली. हात पुसून त्याने दोन मटका कुल्फ्या मागवल्या आणि घरी फोन लावला. "जमलं, बाबा. तारीख काढा." फोन ठेवून त्याने एक मटका तिच्यापुढे सरकवला. "खा आता. नवस फिटला." रेणूला कुल्फी लहानपणापासून आवडायची. मटक्यावरून दुधाचा ओघळ टेबलावर उतरला. तिने तो रुमालाने पुसला आणि वेटरला हाक मारली. "भाऊ, मले कोरा चहा आणा."