घराला लागून असलेला प्लॉट

एरंडोलच्या जीवरामआबांना घराला लागून असलेला रिकामा प्लॉट घ्यायचा होता. विकणारा योगराज ओळखीचा, उतारा त्याच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर. तरीही शाझिया वकीलबाईंनी जुने दस्त तपासायला पंधरा दिवस लावले. आबा पार वैतागले.

सोळाव्या दिवशी वकीलबाई म्हणाल्या, "सौदा थांबवा, आबा. योगराजच्या वडिलांनी हा प्लॉट वीस वर्षांपूर्वीच विकलाय. उताऱ्यावर नोंद तेवढी राहून गेली."

"कोणाला विकला?"

"धुरपदाबाईंना. तुमच्या मंडळींना."

आबा तरातरा घरी आले आणि बायकोवर ओरडले, "वीस वरीस माले सांगं नही तू!"

लसूण सोलता सोलता धुरपदाबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमले सांगं असतं, तर तुम्ही तो कवाच विकी टाका असता."