पंख्यातला दोरा

ऋतिकाने आणलेला बंद गेम कन्सोल सदानंदने आपल्या दुरुस्तीच्या दुकानात उघडला आणि बिघाड शोधायला केबलने लॅपटॉपला जोडला. स्क्रीनवर एरर कोड आला. आतला पंखा फिरत नव्हता, म्हणून मशीन तापून बंद पडत होतं. त्याने पंखा काढून बघितला.

"वहिनी, ह्यात दोरा गुंडाळलाय. कुणीतरी मुद्दाम केलंय हे."

"मीच केलं," काउंटरच्या काचेकडे बघत ती म्हणाली. "नवरा बोटीवरून सुट्टीला आला की दिवसभर खेळत बसतो. हे बंद पडलं तर माझ्याशी बोलेल, असं वाटलं."

"मग आता दुरुस्त कशाला करताय?"



"हे बंद पडल्यापासून तो बोलतच नाही. खेळताना निदान हेडफोनवर मित्रांशी बोलायचा. घरात त्याचा आवाज तरी यायचा."