बदली जंगल

मचाणावरून उतरेपर्यंत वणवा अर्धा डोंगर चढला होता. ओल्या गोणपाटाने झोडपून झोडपून रखवालदाराने शेवटी हात टेकले आणि शहरातल्या ऑफिसला फोन लावला. एका विमान कंपनीने आपल्या धुराचं पाप फेडायला हे जंगल राखायला घेतलं होतं. त्याचा पगारही तिथूनच यायचा.

"मॅडम, झाडं गेली. तुमच्या विमानांचा आतापर्यंत जेवढा धूर शोषला असेल, तोही आज परत वर चाललाय."

"काका, जिवाला जपा आणि खाली या," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "पूर्वी असं झालं की आमची धांदल उडायची. आता नियम सुधारलेत. एक जंगल जळालं तर भरपाईला दुसरं राखून ठेवतो. तुमच्या बदली नदीपलीकडचा डोंगर आहे. कागदोपत्री काहीच जळालेलं नाही."

त्याला जरा धीर आला. धुरात पलीकडचं काही दिसत नव्हतं, पण त्या डोंगरावर राखणीला त्याचा सख्खा धाकटा भाऊच होता. त्याने लगेच भावाला फोन लावला.

"डोळ्यांत तेल घालून राख रे बाबा. आता सगळी भिस्त तुझ्या झाडांवर आहे."

पलीकडून बराच वेळ नुसता खोकला ऐकू आला.



"दादा, इकडे सकाळपासून पेटलंय. पण मॅडम म्हणाल्या, घाबरू नका, तुमच्या भावाचा डोंगर आहे ना."